जुन्या इंग्रजी भूतकथा बाइंडरकडे देण्यापूर्वी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या रविवार पुरवणीत दुर्मीळ इंग्रजी पुस्तकांना परदेशातील लिलावांत मिळणाऱ्या किमतींविषयी एक लेख आला होता. त्यानंतर ‘आमच्याकडे आजोबांच्या काळातली इंग्रजी पुस्तके पडून आहेत, त्यांचे काय येतील?’ असे विचारणारी वाचकांची दोन-तीन पत्रेही आपण छापली. मी गेली पस्तीस वर्षे, आधी पगारातून आणि आता निवृत्तिवेतनातून जेवढे परवडले तेवढ्यात, इंग्रजी भूतकथांच्या पहिल्या आवृत्त्या जमवत आलो आहे, त्यामुळे तो लेख मी दोनदा वाचला. त्यात आकडे भरपूर होते, परंतु ज्या एका कारणाने अशी पुस्तके आपल्याकडे डोळ्यांदेखत नाहीशी होत आहेत, त्याचा उल्लेख नव्हता. ते कारण म्हणजे पुनर्बांधणी. वाळवीने, कसरीने आणि पावसाळ्याने मिळून जेवढ्या पहिल्या आवृत्त्या खाल्ल्या नसतील तेवढ्या, निदान माझ्या पाहण्यात, बाइंडरच्या कटिंग मशीनखाली गेल्या आहेत. आणि त्याही पुस्तक टिकावे अशा चांगल्या हेतूने.

दोन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी लग्नाला गेलो असताना मी सवयीने तिथले वाचनालय पाहायला गेलो. वाचनालय शंभरी ओलांडलेले होते. जिन्याखालच्या दोन कपाटांत इंग्रजी पुस्तके होती आणि ती सगळी एकसारख्या काळ्या रेक्झिनमध्ये बांधलेली होती. कण्यावर नाव नव्हते, फक्त पांढऱ्या रंगात दाखल क्रमांक होता. एक पुस्तक सहज उघडले. शीर्षकपानावर ‘घोस्ट स्टोरीज ऑफ अ‍ॅन अँटिक्वरी’, लेखक एम. आर. जेम्स, प्रकाशक एडवर्ड अर्नोल्ड, लंडन, १९०४. ज्या पुस्तकासाठी मी वीस वर्षे परदेशी विक्रेत्यांच्या याद्या चाळल्या आणि दर वेळी किंमत पाहून बाजूला ठेवल्या, ते पुस्तक माझ्या हातात होते. मग मी पाने उलटू लागलो. तिन्ही बाजूंनी कडा कापलेल्या होत्या, इतक्या की काही पानांवर छपाई आणि कड यांच्यात बोटभरही जागा उरली नव्हती. मूळ पुठ्ठे नव्हते, पुठ्ठ्यांच्या आतले कोरे कागद नव्हते. एका चित्राखालची ओळ मधोमध कापली गेली होती आणि चित्राच्या उजव्या कोपऱ्यात वाचनालयाचा जांभळा शिक्का होता. नोंदवहीत पाहिले तर हे पुस्तक १९०७ साली एका निवृत्त मामलेदारांनी भेट दिल्याची सुवाच्य मोडी वळणातली नोंद होती. मूळ पुठ्ठ्यांबद्दल विचारल्यावर ग्रंथपाल म्हणाले, “बांधणीसाठी निधी आला होता, मार्चअखेर खर्च करायचा होता. सगळी गाडी भरून पाठवली. जुने पुठ्ठे रद्दीत गेले असतील.” त्यांच्यात कोणताही हलगर्जीपणा नव्हता. पुस्तके फाटू नयेत, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि बाइंडरने सांगितलेले काम चोख केले होते.

हे पुस्तक एवढे मोलाचे का, ते सांगितले पाहिजे. जेम्स हे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातले विद्वान. मध्ययुगीन हस्तलिखितांच्या सूची करण्यात त्यांचे आयुष्य गेले. २८ ऑक्टोबर १८९३ रोजी ‘चिटचॅट’ नावाच्या एका छोट्या मंडळात त्यांनी आपल्या दोन भूतकथा प्रथम वाचून दाखवल्या, आणि पुढे नाताळात मित्रांना आपल्या खोलीत बोलावून मेणबत्तीच्या उजेडात नवी कथा वाचण्याचा त्यांचा परिपाठ झाला. छापण्याची घाई त्यांना नव्हती. जेम्स मॅकब्राइड या तरुण चित्रकार मित्राने चित्रे काढण्याची तयारी दाखवली, म्हणून पुस्तकाचा विचार सुरू झाला. मॅकब्राइडने चार चित्रे पूर्ण केली आणि १९०४ साली एका शस्त्रक्रियेनंतर तो अचानक वारला. जेम्स यांनी दुसरा चित्रकार नेमला नाही. त्यामुळे पहिल्या आवृत्तीत आठ कथा आहेत, परंतु चित्रे फक्त दोनच कथांना आहेत, प्रत्येकी दोन. पुस्तक पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला ही विषमता खटकते, मग प्रस्तावना वाचल्यावर तिचा अर्थ कळतो. हे पुस्तक म्हणजे एका मित्राने दुसऱ्याची ठेवलेली आठवण आहे, आणि ती आठवण पानांच्या रचनेत आहे. पुढच्या अनेक स्वस्त आवृत्त्यांत ही चित्रे गळली. ‘ओ, व्हिसल अँड आय विल कम टू यू, माय लॅड’ या कथेत शेजारच्या रिकाम्या पलंगावरची चादर उठून उभी राहते आणि तिच्या चुरगळलेल्या कापडाचाच चेहरा होतो. तो प्रसंग मॅकब्राइडने काढला आहे. भेदरलेला प्राध्यापक खिडकीशी मागे रेललेला आणि समोर ते कापड, एवढेच चित्र आहे. कथा कितीही वेळा वाचलेली असली तरी ते पाहिल्यावर अंगावर काटा येतो.

याच संग्रहातली पहिली कथा एका पुस्तकचोराबद्दल आहे, हे मला त्या वाचनालयात उभे असताना आठवले. कॅनन अल्बेरिक नावाचा एक फ्रेंच धर्माधिकारी आपल्या चर्चच्या ग्रंथालयातली अमूल्य हस्तलिखिते कापून त्यांची पाने एका वहीत चिकटवतो, आणि दोनशे वर्षांनी एक इंग्रज अभ्यासक ती वही अडीचशे फ्रँकना विकत घेतो, तेव्हा तिच्यासोबत काय येते ते त्याला रात्री कळते. जेम्स यांना पुस्तके कापणाऱ्या माणसाची मनापासून चीड होती, हे त्या कथेच्या ओळीओळीत जाणवते.

आता पहिली आवृत्ती म्हणजे नेमके काय, याविषयी आपल्याकडे जो गोंधळ आहे त्याकडे वळतो. चार्ल्स डिकन्स यांच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ची आवृत्ती हे याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. मुलांसाठीची गोड गोष्ट म्हणून आपण तिला ओळखतो, परंतु शीर्षकपानावर तिचे वर्णन ‘नाताळची एक भूतकथा’ असेच आहे. चॅपमन अँड हॉल या प्रकाशकांशी आधीच्या कादंबरीच्या विक्रीवरून बिनसल्यामुळे डिकन्स यांनी छपाईचा खर्च स्वतःच्या अंगावर घेतला आणि पुस्तक सुंदर व्हावे म्हणून त्यात काहीही कमी पडू दिले नाही: सोनेरी ठशाची कापडी बांधणी, जॉन लीच यांची हाताने रंगवलेली चार चित्रे आणि आणखी चार लाकडी ठशांची. सुरुवातीच्या काही प्रतींत शीर्षकपान लाल आणि हिरव्या शाईत होते आणि पुठ्ठ्यांच्या आतला कागद हिरवा होता. तो हिरवा रंग हाताला लागे आणि शीर्षकावरची हिरवी छटाही लेखकाला पसंत पडली नाही, म्हणून शीर्षक लाल-निळे झाले आणि आतला कागद पिवळा झाला. पहिल्या प्रकरणाचा क्रमांक काही प्रतींत रोमन आकड्यात आहे, काहींत अक्षरांत. १९ डिसेंबर १८४३ रोजी पुस्तक पाच शिलिंगांना विक्रीला आले आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत सहा हजार प्रती संपल्या. तरीही खर्च इतका झाला होता की ज्या लेखकाला हजार पौंडांची आशा होती, त्याच्या हाती त्या पहिल्या सहा हजार प्रतींमागे जेमतेम दोनशे तीस पौंड आले.

हा सगळा इतिहास संग्राहकांना कशावरून कळला? आतल्या कागदाच्या रंगावरून, शीर्षकाच्या शाईवरून, कापडावरच्या ठशावरून. यांपैकी निम्म्याहून अधिक खुणा बाइंडर पहिल्याच कामात काढून टाकतो. लेखकाची हौस आणि त्याला आलेली खोट या दोन्ही गोष्टी त्या पुठ्ठ्यात आणि त्या कागदात आहेत, कथेच्या मजकुरात नाहीत.

तेवीस वर्षांनी, १८६६ साली, डिकन्स यांनी ‘द सिग्नल-मॅन’ लिहिली. त्याच्या आदल्या वर्षी, ९ जून १८६५ रोजी, स्टेपलहर्स्ट येथील रेल्वे अपघातातून ते स्वतः वाचले होते, आणि बोगद्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या त्या सिग्नलवाल्याच्या कथेत तो धक्का अजून ताजा आहे. ती प्रथम कुठे छापली गेली? ‘ऑल द इयर राउंड’ या त्यांच्याच साप्ताहिकाच्या नाताळ अंकात, चार पेनीला. म्हणजे तिची खरी पहिली आवृत्ती एक पातळ अंक आहे. असे अंक वाचून टाकून देण्यासाठीच असत. ज्यांनी ते जपले त्यांनी वर्षाचे अंक एकत्र बांधले आणि बांधताना वेष्टने व जाहिराती काढून टाकल्या, त्यामुळे मूळ रूपातला सुटा अंक मिळणे हा मोठा योग असतो. आपल्याकडच्या दिवाळी अंकांचे जे होते तेच हे.

आयर्लंडच्या शेरिडन ल फानू यांच्या ‘इन अ ग्लास डार्कली’ची गोष्ट वेगळी आहे. १८७२ साली रिचर्ड बेंटली यांनी ती तीन खंडांत काढली. त्या काळी तीन खंडांच्या कादंबरीची ठरलेली किंमत साडेएकतीस शिलिंग होती, म्हणजे मध्यमवर्गीय कुटुंबाला ती विकत घेणे अशक्यच. म्हणून जवळपास सगळ्या प्रती म्युडीसारख्या वर्गणीच्या वाचनालयांकडे जात. वर्षाला एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, वर्गणी भरून लोक एकेक खंड घरी नेत. पुठ्ठ्यावर वाचनालयाचे लेबल, पानांवर डाग, सैल झालेली शिवण, आणि पुष्कळदा तीन वेगवेगळ्या प्रतींतले खंड एकत्र केलेला संच, अशाच अवस्थेत हे पुस्तक आज भेटते. लेबल खरवडून काढलेले दिसले की नवखा संग्राहक नाराज होतो. मला मात्र त्या खरवडलेल्या चौकोनावरून हात फिरवताना वाटते की या पुस्तकातली ‘कार्मिला’ ही कथा वाचणारी पहिली पिढी इथे बोट ठेवून गेली आहे.

आणि आता असे एक पुस्तक, ज्याच्याशी आपला थेट संबंध आहे. रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत, जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात झाला. त्यांचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग तिथे शिकवत असत. १८८८ साली, किपलिंग अवघे बावीस वर्षांचे असताना, अलाहाबादच्या ए. एच. व्हीलर अँड कंपनीने ‘इंडियन रेल्वे लायब्ररी’ या मालिकेत त्यांची सहा छोटी पुस्तके काढली. त्यांतले पाचवे ‘द फँटम रिक्षॉ’. व्हीलरचा स्टॉल ज्याने पाहिला नाही असा रेल्वेचा प्रवासी आपल्याकडे क्वचितच असेल. तेच हे व्हीलर. पुस्तक कागदी वेष्टनातले, मुखपृष्ठाचे चित्र वडिलांनी तयार केलेले, किंमत एक रुपया. गाडी सुटण्याआधी फलाटावर घ्यावे आणि उतरताना डब्यात सोडून द्यावे, अशीच त्याची योजना होती. शीर्षककथेत सिमल्याच्या रस्त्यावर एक गोरा अधिकारी आपण झिडकारलेल्या आणि झुरून मेलेल्या बाईची पिवळ्या फळ्यांची रिक्षा रोज पाहतो. काळ्या-पांढऱ्या गणवेशातले ओढणारेही मेलेले असतात आणि तरीही नेटाने ओढत असतात. लंडनची आवृत्ती दोन वर्षांनी निघाली. म्हणजे इंग्रजी भूतकथांमधल्या एका मान्यवर पुस्तकाची पहिली आवृत्ती लंडनची नाहीच, ती अलाहाबादची आहे, आणि ती आपल्याच रेल्वे स्टेशनांवर विकली गेली. तिची एखादी प्रत नाशिकच्या, भुसावळच्या किंवा सोलापूरच्या एखाद्या माळ्यावर आजही असू शकते. ती राखाडी, फाटकी, पावशेरही न भरणारी चोपडी रद्दीच्या ढिगात कुणाच्याच डोळ्यांत भरणार नाही, याची मला सारखी धास्ती वाटते.

नावावरून ओळख पटत नाही, ही या पुस्तकांची आणखी एक अडचण. ‘माकडाचा पंजा’ ही कथा मराठी वाचकांना चांगली माहीत आहे. हिंदुस्थानातून परतलेला एक सार्जंट-मेजर एका फकिराने मंतरलेला पंजा घेऊन येतो आणि एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घराची राखरांगोळी होते. ती डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांच्या १९०२ सालच्या ज्या संग्रहात आली त्याचे नाव आहे ‘द लेडी ऑफ द बार्ज’, आणि त्यात बऱ्याचशा कथा खलाशांच्या विनोदी आहेत. हेन्री जेम्स यांची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ ही भूतकथा १८९८ साली ‘द टू मॅजिक्स’ या नावाच्या पुस्तकात दडलेली आहे. ई. एफ. बेन्सन यांच्या भूतकथांचा पहिला संग्रह, १९१२ सालचा ‘द रूम इन द टॉवर’, प्रसिद्ध केला तो मिल्स अँड बून यांनी, ज्यांचे नाव आज आपण केवळ प्रेमकथांशी जोडतो. कपाट आवरणाऱ्याने मुखपृष्ठ पाहून निर्णय घेतला तर ही तिन्ही पुस्तके रद्दीत जातील.

‘काय येतील?’ असे विचारणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे सापडणारी त्या काळातली बहुतेक इंग्रजी पुस्तके खास वसाहतींसाठी काढलेल्या आवृत्तीची असतात. मॅकमिलनने १८८६ पासून अशी मालिका चालवली आणि इतर प्रकाशकांनीही तिचे अनुकरण केले. हिंदुस्थानात आणि वसाहतींतच विकण्यासाठी, अशी सूचना त्यांवर छापलेली असे. ‘ड्रॅक्युला’ १८९७ साली कॉन्स्टेबल या प्रकाशनसंस्थेने पिवळ्या कापडात आणि लाल अक्षरांत काढली, पण हचिन्सनने तिची वसाहती आवृत्तीही त्याच साली काढली. वर्ष तेच, मजकूर तोच, आणि तरीही ती लंडनची पहिली आवृत्ती नव्हे. विक्रेता हे सांगतोच असे नाही. मी स्वतः उमेदवारीच्या काळात मुंबईच्या एका विक्रेत्याकडून अशी एक प्रत पहिली आवृत्ती म्हणून घेतली आणि दोन महिन्यांची बचत त्यात घातली. आज मात्र ती प्रत मला तितकीच प्रिय आहे, कारण इथल्या माणसाने इथल्या दुकानात घेतलेले पुस्तक नेमके कसे होते, हे तीच सांगते. बाजारभाव कमी, म्हणून वसाहती आवृत्ती फेकून देणे हे पहिली आवृत्ती फेकण्याइतकेच चुकीचे आहे.

हे सगळे मजकूर आज इंटरनेटवर फुकट वाचता येतात, मग जुने पुठ्ठे कशासाठी सांभाळायचे, असे मला तरुण मित्र विचारतात. प्रश्न रास्त आहे. वाचनासाठी मीही पुष्कळदा पडदाच वापरतो. परंतु पुस्तकाची साक्ष मजकुराइतकीच कागदात असते. १९३४ साली जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या दोन तरुण ग्रंथविक्रेत्यांनी, ज्या पुस्तिका नामवंत कवींच्या अतिदुर्मीळ पहिल्या आवृत्त्या म्हणून विकल्या जात होत्या, त्यांतल्या अनेक बनावट असल्याचे सिद्ध केले. १८४७ साल छापलेल्या एका पुस्तिकेचा कागद सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा त्यात रासायनिक प्रक्रियेचा लाकडी लगदा निघाला, जो इंग्लंडात १८७४ च्या आधी वापरातच नव्हता. संशयाची सुई त्या काळचा सर्वांत मान्यवर संग्राहक टॉमस जेम्स वाइज याच्याकडे वळली. मजकुराची कितीही उत्तम छायाचित्रे काढली असती तरी ही लबाडी उघड झाली नसती. भूतकथांच्या बाबतीत आज असाच प्रकार कागदी जॅकेटांचा होतो. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या पुस्तकांची जॅकेटे वाचकांनी तेव्हाच टाकून दिली, ती क्वचितच उरली आहेत, आणि त्यामुळे हल्ली त्यांच्या रंगीत नकला करून जुन्या पुस्तकावर चढवल्या जातात. प्रामाणिक विक्रेता ‘नक्कल’ असे स्पष्ट लिहितो. सगळेच लिहितात असे नाही. मूळ जॅकेट कसे असे हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांनाच ही फसवणूक ओळखता येते.

म्हणून माझी विनंती राज्यातल्या जुन्या वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांना आहे. ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ म्हणून सुरू झालेली आपली कितीतरी वाचनालये दीड शतकाच्या आसपास पोहोचली आहेत, आणि त्यांची इंग्रजी कपाटे गेल्या पन्नास वर्षांत फारशी कुणी उघडलेली नाहीत. १९२५ च्या आधीचे कोणतेही इंग्रजी कथापुस्तक बांधणीला किंवा रद्दीला देण्यापूर्वी त्याचे शीर्षकपान आणि त्याच्या मागची बाजू कुणीतरी जाणत्याने पाहावी. जवळच्या महाविद्यालयातले इंग्रजीचे प्राध्यापक एका दुपारी हे काम आनंदाने करतील. पुस्तक खिळखिळे झाले असेल तर ते बांधण्याऐवजी आपल्याकडे पोथी जशी धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून ठेवतात तसे ठेवावे किंवा त्याच्या मापाची पुठ्ठ्याची पेटी करावी. बाइंडरला पेटी करायला सांगितली तर तो तीही उत्तम करतो, आणि खर्च बांधणीइतकाच येतो. बांधणे अगदीच अटळ असेल, तर कडा कापू देऊ नयेत, आणि मूळ पुठ्ठे, कण्याचे कापड व मागची जाहिरातींची पाने त्याच पुस्तकात शेवटी बांधून घ्यावीत. चिकटपट्टी कधीही लावू नये. काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो आणि मग तो निघत नाही. लॅमिनेशन तर नकोच. चित्रांवर शिक्का मारू नये. निधी मार्चअखेर खर्च करायचा असतो हे मला ठाऊक आहे, मीही चाळीस वर्षे नोकरी केली आहे; तो पेट्यांवर खर्च करता येईल, एवढेच माझे सुचवणे आहे. ग्रंथालयांच्या अनुदानाच्या नियमांत बांधणीबरोबर जतन-पेटीचाही स्पष्ट उल्लेख झाला, तर ग्रंथपालांना हिशेब देणे सोपे जाईल.

घरी अशी पुस्तके असणाऱ्यांना मी सांगेन की किंमत विचारण्यापूर्वी पुस्तकात काय लिहिले आहे ते पाहा. माझ्याकडे जेम्स यांच्या दुसऱ्या संग्रहाची, ‘मोअर घोस्ट स्टोरीज ऑफ अ‍ॅन अँटिक्वरी’ची, १९११ सालची प्रत आहे. फोर्टमधल्या पदपथावर ती मला मिळाली तेव्हा तिचा कणा सुटलेला होता आणि शेवटच्या फर्म्याला, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांच्या गठ्ठ्याला, कसर लागली होती. आतल्या पुठ्ठ्यावर मुंबईच्या एका जुन्या पुस्तकविक्रेत्याचे नखाएवढे लेबल आहे, पहिल्या कोऱ्या पानावर फिकट झालेल्या शाईत ‘महाबळेश्वर, मे १९१२’ असे लिहिलेले आहे, आणि एका अपमानित जादूगाराने आपल्या शत्रूच्या हाती गुपचूप चिठ्ठी सरकवण्याची जी कथा आहे तिच्या सुरुवातीला नेच्याचे वाळलेले पान आहे. ते पान त्या उन्हाळ्यातलेच आहे की नंतरचे, हे सांगता येणार नाही. पण तिथे कुणीतरी थांबले होते.

त्या तालुक्याच्या वाचनालयात मी मागच्या महिन्यात पुन्हा गेलो होतो. १९०४ च्या त्या प्रतीसाठी पेटी करून देण्याची परवानगी मी मंडळाकडे मागितली होती आणि त्यांनी ती ताबडतोब दिली. माप घेण्यासाठी पुस्तक उघडले तेव्हा कण्यावरचे रेक्झिन चिरलेले दिसले. त्या चिरेतून आत पाहिले, तर बाइंडरने कण्याला आतून आधार म्हणून जुन्याच कापडाची एक पट्टी चिकटवलेली होती. पट्टी दोन बोटे रुंद होती आणि तिच्यावर शीर्षकातली चार अक्षरे शाबूत होती. ती आम्ही काढली नाही. पेटीवर तिची माहिती लिहून ठेवली आहे, आणि ग्रंथपालांनी नोंदवहीत १९०७ च्या त्या नोंदीखाली लाल शाईने लिहिले आहे: ‘मूळ बांधणीचा तुकडा कण्याच्या आत आहे. पुन्हा बांधू नये.’

आपला नम्र,
एक जुना वाचक,
पुणे